आधी दुखणे, मग नॅनोकण

औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प किंवा एम.फार्म.चा प्रबंध ठरवायची वेळ आली की रायगडातल्या मुलामुलींच्या तोंडी हल्ली 'नॅनो' हा शब्द हमखास येतो. वेदनाशामक औषध नॅनोकणांत भरायचे, कणांचा आकार मोजायचा, उंदराच्या पंजाची सूज उतरते का ते पाहायचे आणि प्रबंध बांधून द्यायचा, असा सरळ बेत असतो. विषय मोलाचा आहे यात शंका नाही. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातकुळीतल्या औषधांच्या आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक माणसे गेली. तीव्र वेदना ओपिऑइडशिवाय कशी शमवावी, हा प्रश्न आता जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. पण आपल्याकडे या कामाची सुरुवात बहुतेक वेळा उलट्या टोकाने होते. कण आधी ठरतो आणि त्याला साजेसे दुखणे मागाहून शोधले जाते. हे टोक कसे बदलावे, हे विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना सांगण्यासाठी हा लेख आहे.

त्यासाठी सर्वांत चांगला धडा आपल्याच जिल्ह्यात, महाडला, गिरवला गेला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावून गंभीर झालेल्या रुग्णांपैकी त्या काळी कोकणात सुमारे ४० टक्के दगावत. डॉक्टरांनी काय केले? ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा, श्वासाची गती यांच्या नोंदी त्यांनी तासन्‌तास ठेवल्या. विंचवाच्या विषाने शरीरातल्या चेतासंस्थेत वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते, हा क्रम त्या नोंदींतून स्पष्ट झाला. 'लॅन्सेट'ने त्यांची हृदयविषयक निरीक्षणे १९८२ मध्ये छापली. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. हे रक्तदाबाचे आधीपासून उपलब्ध असलेले, स्वस्त औषध. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते. मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. महाडमध्येच ७० रुग्णांवर केलेली, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस देऊन पाहणारी चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन हे वेदनाशामक नाही. दंशाच्या जागेची आग वेगळी आणि जिवावर बेतणारे वादळ वेगळे. आग शमवायला त्या जागी लिग्नोकेनसारखे बधिर करणारे औषध टोचतात, वादळासाठी प्राझोसिन देतात. एकाच दंशाची ही दोन दुखणी वेगळी ओळखता आली, म्हणून उपचार सापडला. नवा रेणू शोधावा लागला नाही. असलेले औषध योग्य ठिकाणी, योग्य वेळी पोचवले गेले. वेदनेसाठी नॅनोकण घडवणाऱ्याने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न यातूनच निघतो: सध्याचे औषध कमी पडते ते औषध चुकीचे आहे म्हणून, की ते चुकीच्या जागी जाते म्हणून? औषधच चुकीचे असेल तर कण काही करू शकत नाही. जागा चुकत असेल, तरच कणाला काम आहे.

आता आपल्या किनाऱ्यावरची दुखणी पाहा. जाळे सोडवताना शिंगाळ्याचा काटा हातात घुसतो, उथळ पाण्यात पाकटाची नांगी पायात रुतते. कळ असह्य असते. या माशांच्या विषातील प्रथिने उष्णतेने निष्प्रभ होतात, म्हणून साधारण ४५ अंशांपर्यंतच्या, चटका न बसेल इतक्या गरम पाण्यात तो हात किंवा पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणे हा जगभर मान्य असलेला प्रथमोपचार आहे. मग जखम धुणे, आत राहिलेला काटा काढणे, धनुर्वाताची लस. या दुखण्यासाठी कोणी नॅनोजेल करू लागला तर मी त्याला थांबवीन. तेच श्रम दुसरीकडे लागायला हवेत.

दुसरीकडे म्हणजे कुठे? लावणीच्या दिवसांत वाकून वाकून धरलेली कंबर. मासळीची टोपली डोक्यावर वाहून झिजलेली मान आणि गुडघे. मिठागरात फावडे ओढणाऱ्याचे खांदे. पेणच्या गणपती कारखान्यात महिनोन्‌महिने बैठक मारून रंगकाम करणाऱ्याचे मनगट. मधुमेहाने पायांच्या नसा बिघडल्यावर रात्री तळव्यांची होणारी आग. सिझेरियन किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस. 'दुखते' हा शब्द या सगळ्यांना लागू पडतो, पण आत घडते ते वेगवेगळे. गुडघ्यात झीज आणि सूज आहे. मधुमेहाच्या पायात नसच बिघडली आहे. शस्त्रक्रियेनंतर ताजी जखम नसांना सतत छेडत राहते. यातले एकच निवडा. प्रस्तावाच्या पहिल्या ओळीत ते दुखणे, ते किती दिवस टिकते आणि आज त्यावर काय दिले जाते, एवढे लिहा. ही ओळ नीट लिहिली की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे घेतलेत तर गरज आहे जखमेपाशी दोन-तीन दिवस थोडे थोडे सुटत राहणाऱ्या बधिरकाची. बुपिव्हाकेन नुसते टोचले तर काही तासांत ओसरते. ते लायपोसोमांत भरलेले 'एक्सपॅरेल' २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याचे कण मायक्रोमीटरमध्ये मोजावे लागतात, नॅनोमीटरमध्ये नव्हे, हे विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात घ्यावे. गुडघ्यासाठी २०१७ मध्ये मान्य झालेले 'झिलरेटा'ही तसेच. पीएलजीए या विरघळणाऱ्या बहुवारिकाचे मायक्रोकण आणि त्यांत ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड. सांध्यात टोचलेला अगदी बारीक कण लवकर बाहेर निसटतो, मोठा कण तिथेच रेंगाळतो. औषध सांध्यातच राहावे असे वाटत असेल तर लहान कणाचा हट्ट नडेल. दुसरी गोष्टही सांगायला हवी. साध्या बुपिव्हाकेनपेक्षा लायपोसोमचा फायदा रुग्णाला प्रत्यक्षात कितपत जाणवतो, याबद्दल नंतरच्या अभ्यासांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. मान्यता मिळणे आणि रुग्णाला फरक पडणे यांत अंतर असू शकते.

औषध पाण्यात विरघळत नाही एवढीच अडचण असेल, तर सर्वांत साधा मार्ग धरा: औषधच नॅनो आकारापर्यंत बारीक करा आणि पुन्हा चिकटू नये म्हणून थोडे स्थिरक घाला. याला नॅनोस्फटिक म्हणतात. पृष्ठभाग वाढतो, विरघळणे वेगाने होते आणि कधी मात्राही कमी पुरते. डायक्लोफेनॅकचे अतिसूक्ष्म कण असलेली 'झॉर्व्होलेक्स' ही कॅप्सूल २०१३ मध्ये अमेरिकेत १८ आणि ३५ मिलिग्रॅमच्या मात्रेत मान्य झाली, नेहमीच्या २५ आणि ५० मिलिग्रॅमच्या मानाने कमी. सेलेकॉक्सिब, मेलॉक्सिकॅम, असेक्लोफेनॅक यांवर काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना एवढे पुरेसे आहे. तरी ते लिपिड, बहुवारिक, कायटोसानचे अस्तर आणि वर आणखी एक थर असा डोलारा रचतात. थर वाढला की तपासण्या वाढतात, बिघडण्याच्या जागा वाढतात आणि कारखान्यात तो कण पुन्हा तसाच बनवणे अवघड होते. नॅनोस्फटिकही बाजारात टिकेलच असे नाही. शिरेतून द्यायचे मेलॉक्सिकॅम 'अँजेसो' २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीने त्याची विक्री थांबवली.

कणाचे खरे सामर्थ्य मला ज्या उदाहरणात दिसते, त्यावर थोडे थांबतो. वेदनेचा निरोप मज्जारज्जूत पुढे जातो तेव्हा 'सबस्टन्स पी' नावाचा लहानसा पेप्टाइड चेतापेशीवरच्या न्यूरोकायनिन-१ या ग्राहकाला जाऊन भिडतो. हा ग्राहक अडवला तर वेदना थांबेल, या आशेने अनेक औषधे तयार झाली. प्राण्यांमध्ये ती चालली. माणसांमध्ये वेदनेसाठी एकामागून एक अपयशी ठरली. का? एक उत्तर असे सापडले: सबस्टन्स पी भिडल्यावर तो ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढला जातो, एन्डोसोम नावाच्या इवल्याशा पिशवीत शिरतो आणि तिथून निरोप पाठवत राहतो. औषध पेशीच्या दारावर पहारा देत असते आणि ग्राहक आत बसून बोलत असतो. संशोधक नायजेल बनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्डोसोमची आम्लता हेरली. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो, एन्डोसोममध्ये तो सहाच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. सामू उतरला की ज्याचा गाभा विस्कटतो अशा मऊ बहुवारिकाचे नॅनोकण त्यांनी घडवले आणि त्यांत अ‍ॅप्रेपिटंट हे न्यूरोकायनिन-१ अडवणारे औषध भरले. पेशीने कण गिळला, तो एन्डोसोममध्ये पोचला, तिथल्या आम्लतेत सुटला आणि औषध नेमक्या जागी मोकळे झाले. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात हे कण टोचल्यावर उंदरांमध्ये वेदनाशमन नुसत्या औषधापेक्षा अधिक आणि दीर्घकाळ टिकले. २०१९ मध्ये हे काम 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त प्रसिद्ध झाले.

अ‍ॅप्रेपिटंटचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर ते २००३ पासून वापरात आहे. त्या कॅप्सूलमध्येही ते नॅनोस्फटिकांच्या रूपातच असते, कारण पाण्यात ते फारच कमी विरघळते. म्हणजे एकाच रेणूसाठी नॅनोची मदत दोनदा घेतली गेली, पहिल्यांदा विरघळण्यासाठी आणि दुसऱ्यांदा जागा गाठण्यासाठी. पहिला हेतू मात्रेचा, दुसरा ठिकाणाचा. प्राझोसिनच्या बाबतीत बावस्करांनी जे खाटेशेजारी बसून केले, तेच इथे पेशीच्या आतल्या पिशवीपर्यंत जाऊन केले गेले. आपल्या प्रकल्पात यांपैकी नेमका कोणता हेतू आहे, हे विद्यार्थ्याला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. मात्र हे सगळे प्राण्यांवरचे आहे, याचा विसर नको. न्यूरोकायनिनच्या औषधांनी प्राण्यांमध्ये आशा दाखवून माणसांमध्ये निराशा केली, हा धडा याच विषयातला आहे.

आणि काही वेळा कणाची गरजच पडत नाही. लाल विंचवाचे विष नसांमधल्या सोडियम वाहिन्या प्रमाणाबाहेर उघड्या ठेवते. लिग्नोकेन त्याच जातीच्या वाहिन्या बंद करते, पण सगळ्याच, म्हणून ते जागेपुरते वापरावे लागते. वेदनेच्या नसांमध्ये प्रामुख्याने असणारी १.८ क्रमांकाची सोडियम वाहिनी तेवढी निवडून अडवणारे सुझेट्रिजिन हे गोळीच्या रूपातले औषध अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी तीव्र वेदनेसाठी मान्य झाले. ते ओपिऑइड नाही आणि त्यात कुठलाही खास कण नाही. इथे रेणूनेच आपली जागा शोधली. आपला कण या स्पर्धेत कुठे उभा आहे, हे प्रस्तावात प्रामाणिकपणे लिहा.

आता प्रयोगशाळेतल्या गोष्टी. साहित्य निवडताना माणसांच्या औषधांत आधी वापरले गेलेले घ्या: पीएलजीए, सोया किंवा अंड्याचे लेसिथिन, कोलेस्टेरॉल, ग्लिसरील मोनोस्टिअरेट, पॉलिसॉर्बेट ८०. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे द्यायच्या औषधात चांदीचे कण किंवा कार्बनच्या नळ्या घालणे मला पटत नाही. त्या शरीरात साचल्यास बाहेर कशा काढायच्या, याचे उत्तर आधी हवे. शिरेतून द्यायचा कण साधारण २०० नॅनोमीटरच्या आत ठेवा, त्याहून मोठे कण प्लीहेत अडकण्याचा धोका वाढतो. सहा नॅनोमीटरहून लहान असले तर मूत्रपिंडे ते गाळून टाकतात. शिवाय २२० नॅनोमीटरच्या गाळणीतून निर्जंतुक करायचे असेल तर कण त्याहून पुरेसे लहान हवेत, नाहीतर औषध गाळणीवरच राहील. यकृत तरीही मोठा वाटा गिळते, हे आकडेमोडीत धरा.

कणांच्या आकारांतील विषमता दाखवणारा आकडा ०.३ च्या खाली यावा, ०.२ च्या खाली आला तर उत्तम. पण खरी गफलत होते ती दुसऱ्याच आकड्यात. घातलेल्या औषधापैकी किती टक्के कणात गेले आणि कणाच्या वजनापैकी किती टक्के औषध आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला आकडा ९० टक्के आला म्हणून मुले खूश होतात, दुसरा २ टक्के असतो. मग १० मिलिग्रॅम औषध पोचवायला ५०० मिलिग्रॅम कण टोचावे लागतील. तेवढे एका सांध्यात मावतात का, हे विचारल्यावर प्रबंध अडतो. हा हिशेब पहिल्या महिन्यात करा.

औषध किती वेगाने सुटते हे पाहायला डायलिसिसची पिशवी वापरतात. पिशवीचा पडदाच औषध रोखून धरतो आणि कणाने रोखल्यासारखे दिसते. म्हणून त्याच पिशवीत नुसते औषध घालून तुलना केलीच पाहिजे. प्राण्यांवरच्या प्रयोगातही एवढे गट हवेतच: नुसते औषध, रिकामे कण, रिकामे कण आणि औषध नुसते मिसळून, औषध भरलेले कण आणि आज बाजारात मिळणारे औषध. शेवटचा गट बहुतेक प्रबंधांत नसतो, आणि डॉक्टरला पाहायचा असतो तो तोच.

वेदनेच्या प्रयोगात एक खास खड्डा आहे. जिवाणूंच्या आवरणातून येणारे एन्डोटॉक्सिन पाण्यातून, काचेच्या भांड्यातून, कायटोसानसारख्या नैसर्गिक पदार्थांतून नकळत कणांत येते. ते स्वतः सूज तर आणतेच, शिवाय वेदनाही वाढवते. मग तुमचे औषध चालत नाही असे दिसते, किंवा रिकामे कणच दुखवतात आणि कारण कळत नाही. टोचायचे काहीही करणार असाल तर एन्डोटॉक्सिनची लिम्युलस चाचणी आधी करा. डायक्लोरोमिथेनसारखे द्रावक वापरले तर ते औषधात ६०० पीपीएमच्या खाली राहिले पाहिजे. बधिरक कणात भरत असाल तर पहिल्या तासात किती औषध एकदम सुटते याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा, कारण रक्तात अचानक चढलेले बुपिव्हाकेन हृदय थांबवू शकते. त्यावर शिरेतून २० टक्के लिपिड इमल्शन देतात.

त्वचेवर लावायच्या जेलचा प्रकल्प आपल्याकडे सर्वाधिक होतो, आणि तो वाईट नाही. त्वचेवर लावलेल्या डायक्लोफेनॅकचा रक्तात जाणारा वाटा गोळीच्या मानाने फार कमी असतो, त्यामुळे पोट आणि मूत्रपिंडे बरीच वाचतात. दिवसभर उन्हात घाम गाळणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांना वेदनाशामक गोळ्या अधिक घातक ठरतात. मिठागरातल्या आणि होडीवरच्या माणसांसाठी जेलची बाजू इथे भक्कम आहे. पण अखंड नॅनोकण त्वचेचा वरचा मृत थर ओलांडून सहसा आत जात नाही. तो केसांच्या मुळांच्या खळग्यांत आणि सुरकुत्यांत थांबतो आणि तिथून औषध सोडतो. 'कण सांध्यापर्यंत पोचला' असे लिहायचे असेल तर तसा पुरावा द्या. आणि ज्यांच्यासाठी जेल करता त्यांचे हात पाहा: खाऱ्या पाण्याने सतत ओले, तेलकट, भेगाळलेले. प्रयोगाच्या भांड्यातल्या कोरड्या त्वचेवर चाललेले जेल रेवदंड्याच्या बंदरावर पहिल्या ओंजळभर पाण्यात धुऊन जाईल. पाण्यात किती टिकते ही चाचणी पुस्तकात नसली तरी तुमच्या प्रकल्पात असावी.

टिकाऊपणाचेही असेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. फ्रिजमध्ये ठेवाव्या लागणाऱ्या कणांचे अशा वेळी काय होणार? शक्य असेल तर ट्रेहालोजसारख्या शर्करेबरोबर गोठवून सुकवलेली भुकटी करा आणि पाणी घालून हलवल्यावर कणांचा आकार पूर्वीइतकाच राहतो का ते तपासा. ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवण्याची वेगवान चाचणी टाळू नका. आपल्या जिल्ह्यातला पावसाळा ती चाचणी रोज घेतच असतो.

आणखी एक तपासणी मी प्रत्येक वेदनाशामकासाठी सुचवीन: शरीरातून बाहेर पडल्यावर ते कुठे जाते? यासाठी म्हसळा तालुक्यातल्या चिरगावची गिधाडे आठवा. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जाते आणि मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर भारतातली बहुसंख्य गिधाडे नाहीशी झाली होती. २००६ मध्ये पशुवैद्यकातल्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. गुरांच्या शरीरात असेक्लोफेनॅकचेच डायक्लोफेनॅक होते, म्हणून २०२३ मध्ये तेही पशुवैद्यकातून हटवले गेले. मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना सुरक्षित ठरले. चिरगावची वसाहत जपायला महाडच्या सीस्केप संस्थेने आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे कष्ट घेतले आहेत. पशुवैद्यकासाठी नॅनोकण घडवणार असाल तर दोन सारख्याच गुणाच्या औषधांतून मेलॉक्सिकॅम निवडा. कण औषध जास्त काळ शरीरात ठेवतो, म्हणजे मेलेल्या जनावरातही ते जास्त काळ राहू शकते, हेही तपासायला हवे.

कामासाठी साधने लागतात, ती फार दूर नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या महागड्या यंत्रांसाठी पवईच्या आयआयटीतली सैफ ही सुविधा बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क घेऊन खुली आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था औषधांच्या कणांवर कित्येक वर्षे काम करते आहे. टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या मुलांनी रसायन अभियांत्रिकीच्या शिक्षकांना गाठावे. प्रयोगशाळेतल्या ५० मिलिलिटरचे ५० लिटर करताना कण का बदलतो, याची उत्तरे त्यांच्याकडे असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, नंतर मिळवलेली चालत नाही.

कायद्याची एक बाब सुरुवातीलाच कळावी. २०१९ च्या नवी औषधे आणि चिकित्सा चाचण्या नियमांनुसार जुन्या औषधाचीही नवीन वितरणप्रणाली केली तर ते कायमच 'नवे औषध' धरले जाते. डायक्लोफेनॅक कित्येक दशके वापरात आहे म्हणून त्याचा नॅनोकण आपोआप मोकळा होत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने भारतातील नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती डाउनलोड करून, प्रयोग सुरू होण्याआधी वाचा. आपण काय मोजायचे याची यादीच त्यात आहे. आणि वाचकांपैकी जे रुग्ण आहेत त्यांच्यासाठी याच नियमातून एक सल्ला निघतो: 'नॅनो' लिहिलेला दुखण्यावरचा स्प्रे किंवा तेल कोणी देत असेल, तर वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक आणि औषधाचे नाव व प्रमाण आहे का पाहा. नसेल तर परत करा.

ओपिऑइडला पर्याय शोधताना मॉर्फिनला बदनाम करू नका, ही माझी कळकळीची विनंती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे आपल्या देशात कर्करुग्णांना मॉर्फिन मिळणे वर्षानुवर्षे अवघड होते, २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट थोडी सोपी झाली. शेवटच्या दिवसांत तळमळणाऱ्या माणसाला मॉर्फिन लागते आणि मिळायलाच हवे. आपले काम आहे ते गुडघ्याचे, कमरेचे, मधुमेही पायाचे आणि टाक्यांचे दुखणे, जिथे ओपिऑइड टाळता येते आणि टाळणे योग्य आहे.

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी तुमच्या मार्गदर्शकांकरवी रीतसर परवानगी मिळवा आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात काही सकाळी बसा. आजी-आजोबांना, मच्छीमारांना, शेतमजूर बायांना विचारा: कुठे दुखते, केव्हा वाढते, सध्या कोणती गोळी घेता, ती घेतल्यावर पोटात जळजळते का, किती पैसे जातात. उत्तरे वहीत उतरवा. ती वही घेऊन प्रयोगशाळेत या आणि मगच पहिला कण बनवायला घ्या.